हंगामी शनिवार पॅकेजमध्ये कबूल केलेली सेवा न मिळाल्याबद्दल तक्रार

दि. १२ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
पर्यटन व रेस्टॉरंट विभाग,
नाशिक

विषय: शनिवार, दि. ७ फेब्रुवारी रोजी घेतलेल्या सहा जणांच्या ‘हंगाम’ पॅकेजमधील त्रुटी, बिलातील चुकीची आकारणी आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या शनिवारी आम्ही घरचे सहा जण तुमच्या वायनरीत आलो होतो. आई, आप्पा, मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि भावजय. निमित्त आप्पांच्या पंचाहत्तरीचं. माणशी २,४०० रुपयांप्रमाणे १४,४०० रुपये मी तीन आठवडे आधी ऑनलाइन भरले होते. त्या पैशांत काय मिळणार हे तुमच्याच माहितीपत्रकात लिहिलं आहे: साडेचार वाजता बागेतून फेरफटका, त्यानंतर पाच वाइनची चाखणी, सूर्यास्ताच्या वेळी गच्चीवरचं राखीव टेबल, गिटारवर गाणी आणि रात्रीचं जेवण. यातलं जेवण तेवढं धड मिळालं, तेही आईला उशिरा.

तक्रार नीट कळावी म्हणून आप्पांबद्दल थोडं सांगावं लागेल. ते निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. उभं आयुष्य थॉमसन या खायच्या द्राक्षांच्या बागेत गेलं. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि गावोगाव वाइन द्राक्षांची चर्चा सुरू झाली. आप्पांनीही दोन एकर थॉमसन काढून शिराझ ही रेड वाइनची द्राक्षं लावली. करार दुसऱ्या कंपनीशी होता, तुमच्याशी नव्हे. पहिली काही वर्षं बरी गेली. पुढे २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि कराराचा माल उचलायला कोणी येईना. पिकलेले घड वेलीवर सुकले. २०१० साली आप्पांनी ती शिराझ मुळासकट काढली. इतकी वर्षं त्यांनी वाइनची द्राक्षं पिकवली, पण वायनरीत पाहुणा म्हणून बसून आपल्या पिकाचं पुढे काय होतं हे एकदाही पाहिलं नव्हतं. ते पाहायचं म्हणून त्यांनी स्वतःहून तुमच्याकडे यायचं ठरवलं.

आम्ही सव्वाचारला पोहोचलो. आप्पांनी शर्टाच्या खिशात त्यांचा जुना ब्रिक्स मीटर आणला होता. मण्याच्या रसाचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा. काढणीच्या दिवसांत त्यांचं रोज पहाटे हेच काम असे. तुमच्या बागेत सध्या काढणी चालू आहे, तेव्हा एखादा मणी पिळून साखर किती आली ते बघू, एवढीच त्यांची हौस होती.

साडेचारला स्वागतकक्षातल्या मुलीने सांगितलं की आज फेरफटका बंद आहे, गर्दी फार आहे. आम्ही म्हटलं, ठीक, पाच वाजता असेल तर थांबतो. ती म्हणाली, आज नाहीच. आणि दहा मिनिटांनी आमच्यासमोरून एका कंपनीच्या ग्रुपला, गळ्यात ओळखपत्रं असलेल्या तीस-पस्तीस जणांना, तुमचा गाइड टोप्या वाटून बागेत घेऊन गेला. मी विचारलं तर उत्तर मिळालं, “सर, त्यांचं बुकिंग कॉर्पोरेट आहे.” माझं बुकिंग कोणतं होतं मग? पैसे तर तीन आठवडे आधी भरलेले. फोन नाही, मेसेज नाही, दिलगिरीचा एक शब्द नाही. आप्पा पार्किंगच्या कठड्यावर बसून रुमालाने त्या मीटरची काच पुसत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि म्हणाले, “जाऊ दे, चला आत.”

आता चाखणीबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे.

पाच वाइन आम्हाला वीस-बावीस मिनिटांत पाजण्यात आल्या. पाजण्यात आल्या असंच म्हणावं लागेल, कारण पहिला घोट संपायच्या आत दुसरी बाटली ओतली जात होती. कोणती द्राक्षं, कोणत्या छाटणीची, ओकच्या पिंपात ठेवली की स्टीलच्या टाकीत, यातलं काहीही कोणी बोललं नाही. सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन्ही व्हाइट वाइन कोमट होत्या. व्हाइट वाइन आठ-दहा अंशांवर द्यायची असते, हे वाइनच्या व्यवसायात असणाऱ्याला मी सांगायला नको. टेबलावर बर्फाची बादली होती, तिच्यात पाणी होतं, बर्फ नव्हता.

शेवटी शिराझ आली. आप्पांनी ग्लास नाकाजवळ नेला आणि न पिताच खाली ठेवला. वाढणाऱ्या मुलाला ते अगदी हळू म्हणाले, “बाळा, ही आजची उघडलेली नाही. आंबलीय ही.” मुलगा हसून म्हणाला, “काका, रेड वाइन अशीच लागते. पहिल्यांदा पिताय ना, सवय नाही तुम्हाला.”

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. आप्पा काही बोलले नाहीत. ज्यांनी शिराझचे घड हाताने विरळले, भुरी रोगापासून वाचवले, गारपिटीच्या रात्री बागेत जागून काढल्या, त्यांना शिराझ कशी लागते हे माहीत नाही, असं तुमच्या माणसाने चार लोकांत सुनावलं.

मी ग्लासचा वास घेतला. व्हिनेगरचा वास स्पष्ट येत होता आणि त्याच्यामागे नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा एक उग्र वास. चांगल्या शिराझला काळ्या मिरीची झाक असते, तिचा मागमूस नव्हता. उघडलेली रेड वाइन बूच लावून थंड जागी ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. उन्हात तापलेल्या काउंटरवर ती अर्धी रिकामी उभी राहिली की हवा लागून आंबते. त्यात गूढ असं काहीच नाही. मी मॅनेजरना बोलावलं. त्यांनी बाटली उचलली, वास घेतला, मान हलवली आणि बाटली घेऊन निघून गेले. नवी बाटली आली नाही, ते स्वतःही परत आले नाहीत. म्हणजे वाइन बिघडली होती हे त्यांना कळलं होतं. ते आप्पांना तसं सांगावं, “काका, तुमचं बरोबर आहे” एवढं म्हणावं, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. विशी-बाविशीचा असेल, बहुधा शनिवार-रविवारपुरताच कामाला घेतलेला. त्याला कोणी शिकवलंच नसेल तर तो तरी काय करणार? पण बाटली कधी उघडली याची तारीख तिच्यावर चिकटवणं आणि वाढण्याआधी एकदा वास घेणं, एवढं तर पहिल्या दिवशी शिकवता येतं. ती जबाबदारी तुमची आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. गच्चीवरचं आमचं राखीव टेबल दुसऱ्यांना दिलं होतं. आम्हाला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशी, स्पीकरखाली. सूर्यास्त आम्हाला दिसला नाही. गिटारवाला आलाच नाही, त्याऐवजी रेकॉर्ड केलेली गाणी एवढ्या मोठ्याने लावली की आईशी बोलायला मला तिच्या कानाशी वाकावं लागत होतं. आई वाइन घेत नाही, तिला द्राक्षाचा ताजा रस देऊ असं बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं होतं. तिला खोक्यातला रस मिळाला, तोही द्राक्षाच्या हंगामात, द्राक्षबागेच्या मधोमध बसलेली असताना. पाचही जणांची ताटं येऊन गेल्यावर तासाभराने तिचं जेवण आलं.

आता बिल. पॅकेजव्यतिरिक्त आम्ही २,२०० रुपयांचे पदार्थ आणि १,५०० रुपयांची शेनिन ब्लांची एक बाटली मागवली (ती चांगली होती, हेही नमूद करतो). त्या ३,७०० रुपयांवर तुम्ही दहा टक्के म्हणजे ३७० रुपये सेवाशुल्क लावलं आणि मग सगळ्या ४,०७० रुपयांवर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २०३ रुपये ५० पैसे. काउंटरवर मी सेवाशुल्क काढायला सांगितलं तेव्हा “सिस्टिममधून येतं सर, काढता येत नाही” असं उत्तर मिळालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला किंवा रेस्टॉरंटला सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम केल्या आहेत. सेवाशुल्क ग्राहकाने खुशीने द्यायचं असतं, आणि त्या संध्याकाळी आमची खुशी कुठेच नव्हती.

जीएसटीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. पिण्याच्या मद्यावर जीएसटी लागतच नाही, त्यावर राज्याचा व्हॅट असतो. वाइन विकणाऱ्या कंपनीच्या बिलात वाइनच्या बाटलीवर जीएसटी दिसतो, याचा अर्थ एक तर तुमची यंत्रणा चुकीची आहे किंवा तुम्ही रोज शेकडो ग्राहकांकडून चुकीचा कर घेत आहात. पदार्थांवरचे ११० रुपये मला मान्य आहेत. उरलेले ९३ रुपये ५० पैसे आणि सेवाशुल्काचे ३७०, मिळून ४६३ रुपये ५० पैसे तुम्ही माझ्याकडून गैर घेतले आहेत.

रक्कम मोठी नाही, हे मलाही दिसतं. पण आम्ही इथले आहोत. मुंबई-पुण्याचा पाहुणा वर्षातून एकदा येतो, फोटो काढतो आणि जातो. आम्ही नाशिककर दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी कुठे ना कुठे बाहेर पडतो. सकाळी बागेतल्या मांडवाखाली मिसळ खातो, तिथे मालक स्वतः येऊन तर्री वाढतो आणि आईला तिखट चालेल का म्हणून विचारतो. पावसाळ्यातल्या रिकाम्या शनिवारी तुमची टेबलं भरतो ते आम्हीच. गेल्या सहा वर्षांत मी तुमच्याकडे किमान दहा वेळा आलो असेन आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना हौसेने घेऊन आलो आहे. हंगामाच्या गर्दीत मात्र ज्यांना बाजूला सारलं तरी चालतं, ते नेमके आम्हीच ठरलो.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. फेरफटका आणि चाखणी यांचं वेगळं तिकीट तुमच्या माहितीपत्रकात माणशी ९०० रुपये दिलं आहे, त्या हिशेबाने सहा जणांचे ५,४०० रुपये परत करावेत. बिलातले ४६३ रुपये ५० पैसे परत करावेत. एकूण ५,८६३ रुपये ५० पैसे. टेबल, गिटार आणि आईचं उशिरा आलेलं जेवण यांचे पैसे मी मागत नाही, पण त्याबाबत तुम्ही काय सुधारणा करणार ते लेखी कळवावं. पुढच्या भेटीसाठी सवलतीचं कुपन नको.

पैशांहून महत्त्वाचं म्हणजे, त्या संध्याकाळी शिराझची बाटली बिघडलेली होती आणि आप्पांचं म्हणणं बरोबर होतं, हे तुम्ही त्यांना उद्देशून लिहून द्यावं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि त्यासाठी माझ्याकडे दोन वर्षांची मुदत आहे. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बिलाची आणि बुकिंगच्या पावतीची प्रत, तसंच माहितीपत्रकाचं पान सोबत जोडलं आहे. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. आप्पांचं पत्र मात्र ईमेलने न पाठवता टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवावं. ते मराठीत आणि जरा मोठ्या अक्षरात असावं, ते स्वतः वाचतात.

आपला,
शनिवार, दि. ७ फेब्रुवारीच्या सहा जणांच्या बुकिंगचा ग्राहक