हात दाखवून घे

दादर, रविवार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

आधीच सांगतो, हे पत्र तुझ्या हाताबद्दल नाही. तू फोन ठेवलास तेव्हाच आई म्हणाली, "आता काही दिवस तिला काही विचारू नका," आणि मी विचारलेलं नाही. वरच्या मजल्यावरचा मुलगा फ्रँकफर्टला निघालाय, तिथून तो तुला लाइपझिगला पार्सल पोस्टाने पाठवेल. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी. चटणीचा डबा दोन पिशव्यांत बांधलाय, तरी उघडताना नोटेशनची पुस्तकं लांब ठेव.

इन्सेलस्ट्रासवरच्या संगीतकार शूमनच्या घराचा फोटो मिळाला. लग्नानंतरची पहिली चार वर्षं तो आणि क्लारा त्याच घरात राहिली, 1840 ते 44. तुझ्या पियानोच्या मिसच्या व्हरांड्यातल्या कपाटात जी चरित्रं होती, त्यांतलं एक मी तुझा क्लास चालू असताना तुकड्यातुकड्याने वाचलं होतं. म्हणून तो पत्ता मला आपल्या पिनकोडइतका पाठ आहे. तू दारापाशी उभी आहेस, हसते आहेस, उजवा हात कोटाच्या खिशात. आईला नवा कोट दिसला. मला खिसा दिसला.

अनामिकेला आणि करंगळीला मुंग्या येतात हे तू आत्याला सांगितलंस. आत्याच्या पोटात काय राहतं हे तुला माहीत नाही का? मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? बरं, आरडाओरडाच केला असता, कबूल. पण निदान आत्याकडून, तेही भाजी निवडता निवडता, कळलं नसतं.

असो. म्हटलं ना, हाताबद्दल नाही.

शूमनची आई हल्ली फार आठवते. पूर्वी वाचताना मी त्या बाईकडे बघितलंही नव्हतं. नवरा 1826 सालीच गेलेला, मुलाला वकिलीसाठी लाइपझिगला धाडलेलं, आणि 1830च्या जुलैमध्ये त्याचं पत्र येतं की कायदा सोडायचाय, पियानोच करायचाय, तूच माझ्या पियानोच्या वीकमास्तरांना लिहून विचार. तिने खरंच लिहिलं. वीकचं उत्तर आलं : तीन वर्षांत मी याला आजच्या थोर वादकांत नेऊन बसवतो. मनू, त्या वेळी त्या माउलीने काय काय हिशेब केले असतील! आपण तुझ्या ऑडिशनचं पत्र आलं त्या रात्री स्वयंपाकघरात कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो, तसेच. आणि दोन वर्षांत, 1832 साली, उजव्या हाताचं बोट कामातून गेलं. बोटं स्वतंत्रपणे हलावीत म्हणून त्याने एक यंत्रासारखं काहीतरी लावून मेहनत केली होती. त्यानेच बिघडलं, की आधी बिघडलं होतं म्हणून यंत्र आणलं, यावर विद्वान अजून भांडतात. उपाय काय केले, तर नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात घालून बसायचं. डॉक्टरचाच सल्ला! त्या नोव्हेंबरमध्ये त्याने आईला कळवलं की बोट बरं होणार नाही, मी ते मान्य केलंय, पुन्हा चेलो हातात घेईन, त्याला डावा हात पुरतो. बावीस वर्षांचा पोरगा आईची समजूत घालतोय. त्या पत्रातला धीर वाचून मला तुझा फोनवरचा आवाज आठवला. "काही नाही हो बाबा, थोडा जड वाटतो एवढंच."

शूमन पुढे मोठा झाला, माहीत आहे. त्याच्या नावाच्या पहिल्या तेवीस कृती पियानोच्याच आहेत आणि त्या वाजवायला क्लारा होती. (वीकची मुलगी. लग्नाची परवानगी मिळावी म्हणून त्या दोघांना बापाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. मी जन्मभर कोर्टात टायपिंग केलं, पण तुझ्या बाबतीत अशी वेळ आणली नाही, एवढं तरी माझ्या खात्यावर जमा कर.) पण त्याला सुचत होतं म्हणून तो निभावला. ज्याला फक्त वाजवायचंच आहे, त्याने बोट गेल्यावर काय करायचं?

"तुम्हाला यातलं काही कळत नाही," असं तू म्हणालीस. पियानोतलं नाही कळत. बोटांतलं थोडं कळतं. जुन्या टाइपरायटरवर शिफ्टची पट्टी करंगळीने दाबायची असायची आणि तेवढ्या करंगळीवर यंत्राचा अख्खा भाग उचलला जायचा. दिवसभर निकालपत्रं टाइप केली की संध्याकाळी लोकलच्या दांड्याला धरताना ती करंगळी वेगळीच उभी राहायची. आमच्या सेक्शनमधल्या एका बाईंना रात्री झोपेत हात झटकायची सवय लागली होती. मुंग्या येतात म्हणायच्या, आणि सकाळी पुन्हा मशीनवर. बढतीची परीक्षा तोंडावर होती, रजा कशाला घालवा. परीक्षा पास झाल्या. मग मनगटाचं ऑपरेशन झालं आणि बढतीच्या खुर्चीवर बसून त्यांना साधं सहीचं पेन नीट धरता येईना. तुला घाबरवायला सांगत नाही. घाबरवायलाच सांगतोय, खरं तर.

इथे पावसाळा संपत आला. ओल धरू नये म्हणून पियानोच्या पोटातला बल्ब अजून चालू ठेवलाय. आता तसले पिवळे दिवे मिळत नाहीत, एलइडी काही गरम होत नाही, म्हणून पोर्तुगीज चर्चजवळच्या दुकानदाराकडून जुना साठा उचलून आणला. तुला आठवतं, खालची फळी काढून तू तासन् तास आत बघत बसायचीस? सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि सगळ्यांचा मिळून पंधरा-वीस टनांचा ताण, असं ट्यूनरने सांगितल्यावर तू रात्री त्या खोलीत झोपायला तयार नव्हतीस. तुटलं तर? पारशी कॉलनीतून हमालांनी तो जिन्यावरून वर आणला, तेव्हा खालचे काका म्हणाले होते, याच्याऐवजी पेटी घेतली असती तर कपाटावर राहिली असती. तुझे पाय पेडलला पोचत नव्हते. खाली जेवणाचा पाट ठेवायचो. पहिला मिन्युएट बसला तेव्हा आई तो पोळ्या लाटताना गुणगुणायला लागली आणि लाटण्याचा ठेका तीन मात्रांचा झाला. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो, आमची मुलगी बाख वाजवते. पुढे तूच घरी येऊन सांगितलंस की तो बाखचा नाहीच, ड्रेस्डेनच्या पेत्सोल्ड नावाच्या ऑर्गनवाल्याचा आहे. बाखच्या बायकोच्या 1725 सालच्या वहीत उतरवलेला होता म्हणून लोकांना बाखचा वाटला. आई म्हणाली, कुणाचा का असेना, माझ्या पोळ्या फुगतात.

सांगत काय होतो? हां, तास. आठ तास रियाज करतेस म्हणालीस. पियानोचा एवढा मोठा संगीतकार शोपँ, तो आपल्या शिष्यांना तीनच्या वर बसू देत नसे. एका शिष्येने सहा तास सांगितले तेव्हा तो चिडला होता. तीन तास झाले की एखादं चांगलं पुस्तक वाचा, चालून या, असं त्याचं म्हणणं. आणि सगळी बोटं सारख्या ताकदीची करायची ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तर त्याचा आवाज वेगळा असू दे. मिसनी पहिल्या दिवशी तुझा इवलासा हात कसा ठेवला होता, आठव. अंगठा पांढऱ्या पट्टीवर, मधली तिन्ही बोटं काळ्यांवर, करंगळी पुन्हा पांढरीवर. ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी. ही शोपँची बैठक, लांब बोटांना उंच पट्ट्या. सगळे ज्या सी मेजरपासून सुरुवात करतात तो दिसायला सोपा, पण हाताला सगळ्यांत अवघड, म्हणून तो शोपँ शेवटी शिकवायचा. मिस शोपँच्या बाजूच्या होत्या. आता तू ज्या अनामिकेला वळण लावायला बसली आहेस ती जन्मतःच करंगळीच्या आणि मधल्या बोटाच्या दाव्याला बांधलेली आहे. तिला दमदाटी करून ती सुटणार नाही. आठ तास बसलीस तरी नाही. दहा तास बसलीस तरी नाही. आणि आरशासमोर बसून खांदे बघतेस का? खुर्ची किती उंच ठेवतेस? थंडीत हात न शेकता सुरू करतेस ना?

झालं, लागलो भाषण द्यायला. माफ कर. तुझे प्रोफेसर हे सगळं माझ्यापेक्षा शंभरपट जाणतात.

पण त्यांना तू सांगितलं आहेस का?

लिऑन फ्लायशर नावाच्या अमेरिकन वादकाबद्दल मी अलीकडेच वाचलं. नसतं वाचलं तर बरं झालं असतं. 1964 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ऐन भरात, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका (हो, तीच दोन) तळव्याकडे वळायला लागली. बोटं जड झाली म्हणून तो रियाज वाढवत गेला. निदान व्हायलाच कितीतरी वर्षं गेली. फोकल डिस्टोनिया म्हणतात त्याला, म्हणजे बोटं आपलं ऐकेनाशी होतात, आपोआप आखडतात. तीसेक वर्षं त्याने डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, वादकवृंद चालवले, शिकवलं. दोन्ही हातांनी पुन्हा नीट वाजवू लागला तो नव्वदच्या दशकात. शूमनलाही हेच झालं असावं असं आता काही डॉक्टर म्हणतात. तुला हे नसेलच. मुंग्या म्हणजे बहुतेक कोपराशी कुठेतरी नस दाबली जात असेल, असं आपले डॉक्टर म्हणाले. विचारलं मी त्यांना. रागावू नकोस.

क्लाराचंच बघ. आठ बाळंतपणं, नवरा इस्पितळात आणि मग नवरा नाही, घर तिच्या मैफलींवर चालायचं. थांबणं तिला कुणापेक्षाही जड होतं. तरी 1873-74च्या सुमारास हात दुखायला लागला तेव्हा ती थांबली, वर्षाहून जास्त काळ, कीलच्या डॉक्टरांकडे गेली, आणि 1891पर्यंत व्यासपीठावर वाजवत राहिली. मध्ये 1877मध्ये ड्रॉवर उघडताना उजव्या हाताची शीर ताणली गेली, त्याच वेळी तिचा मित्र, संगीतकार ब्राम्स, याने बाखच्या शाकोन नावाच्या व्हायोलिनच्या तुकड्याची फक्त डाव्या हातासाठी केलेली रचना पाठवली. योगायोग असला तरी मित्र असावा तर असा. तू तो शाकोन बसव की! उजव्याला विश्रांती.

सुट्टी मागितली तर वसंतातल्या रिसायटलमधून नाव जाईल, ही तुझी भीती मला कळते. सरकारी नोकरीत रजा या विषयात मी पीएचडी आहे. पण बाखने आर्नश्टाटला चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीत काय केलं? वीस वर्षांचा पोरगा, चार आठवड्यांची रजा घेऊन 1705च्या शरदात ल्युबेकला गेला, तिथल्या बुक्सटेहूड नावाच्या ऑर्गनवाल्याला ऐकायला. चारएकशे किलोमीटर, पायी. परतला चार महिन्यांनी. मेमो मिळाला, स्पष्टीकरण मागितलं, तर म्हणे मी बदली माणूस ठेवला होता, काम चाललं असेल असं वाटलं. वर ऑर्गनवर विचित्र सूर घालून भाविकांना गोंधळात पाडतो हाही ठपका. आमच्या रजिस्ट्रारने हे वाचलं असतं तर त्यांना फीट आली असती. तरी नोकरी गेली नाही. पुढे वायमारला राजीनाम्यासाठी हट्ट धरला म्हणून 1717 साली जवळजवळ महिनाभर कोठडीत बसला, तेही निभावलं. आणि बोरोदिन हा रशियन संगीतकार तर रसायनशास्त्राचा प्राध्यापक. आजारी पडला की घरी बसून संगीत लिहायला वेळ मिळायचा, म्हणून मित्र त्याला तब्येतीऐवजी आजारपण चिंतायचे. तुझ्यासाठी तसलं काही चिंतत नाही. सांगायचं एवढंच की सहा आठवड्यांनी कुणाची कारकीर्द बुडत नाही.

पार्कात फिरायला येणारे विचारतात, मुलगी जर्मनीत काय शिकते, इंजिनिअरिंग का? मी म्हणतो, पियानो. मेंडेल्सोन या संगीतकाराने 1843 साली काढलेल्या शाळेत. मग ते गप्प होतात आणि मी एक फेरी जास्त मारतो. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. आता म्हणशील, अपेक्षांचं ओझं. नाही गं. तू उद्या म्हणालीस की पियानो नको, मी परत येते, तरी मी ती फेरी मारीन. फक्त ते तू ठरवलेलं असावं, बोटाने नव्हे.

तिथे विमा सक्तीचा आहे, हप्ता दरमहा जातोच, मग डॉक्टरकडे जायला संकोच कसला? हॅनोव्हरला तर वादकांच्या हातांसाठी विद्यापीठातच स्वतंत्र संस्था आहे. एरवी हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हा हात दाखवच. डॉक्टरची वेळ मिळाली की आत्याला नव्हे, मला कळव.

तुझे,
बाबा

ता. क. प्रोफेसरांशी तोंडी बोलायला अवघड वाटत असेल तर रजेच्या अर्जाचा मसुदा इंग्रजीत टाइप करून सोबत ठेवलाय. कारण मोघम घातलंय. तारीख आणि सही तेवढी तुझी.