यूव्हीचा दिवा पेटतोय, तरी कॉलिफॉर्म का?

मुंबई

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला तुमच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा रिपोर्ट आणि एजन्सीचं कोटेशन, दोन्ही नीट वाचलं. फीकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, मर्यादेच्या कितीतरी वर, आणि त्यावर उपाय एकच सुचवलाय: दुप्पट क्षमतेची यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र बसवा. कमिटीत त्या कोटेशनला इतक्यात मंजुरी देऊ नकोस. यूव्ही कमी पडते तेव्हा कारण बहुतेक वेळा दिव्याच्या आधीच्या टाक्यांत असतं. ते तसंच राहिलं तर मोठी यूव्हीही कमीच पडेल.

काम करतात ते २५४ नॅनोमीटरचे किरण. जंतूच्या डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन घटक ते एकमेकांना जोडून टाकतात आणि जंतूची वाढच थांबते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याला दिसणारा निळसर उजेड पाऱ्याच्या वाफेतल्या वेगळ्याच किरणांचा असतो, त्यामुळे ‘दिवा पेटलाय, बघा’ हा ऑपरेटरचा पुरावा धरू नकोस. जुना दिवा निळा दिसत राहतो, पण २५४चा जोर ओसरलेला असतो. अशा दिव्याचं आयुष्य साधारण ९,००० तास, म्हणजे चोवीस तास चालला तर जेमतेम वर्षभर. पॅनेलवर अवर मीटर आहे का आणि दिवा बदलताना तो शून्यावर आणला होता का, हे विचार.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. १ सेंटिमीटर पाण्यातून गेल्यावर २५४चे जेवढे टक्के किरण शिल्लक राहतात, त्याला यूव्हीटी म्हणतात. पिण्याच्या चांगल्या पाण्यात ती ९० ते ९५ टक्के असते, तुमच्यासारख्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात साधारण ५५ ते ६५. हा हिशोब दर सेंटिमीटरला गुणाकाराने चालतो. दिव्यापासून ५ सेंटिमीटरवर ९५ टक्के यूव्हीटीच्या पाण्यात ७७ टक्के किरण पोचतात, ६५च्या पाण्यात साडेअकरा टक्के आणि ५०च्या पाण्यात फक्त ३. कोटेशनमध्ये ‘ताशी १० घनमीटर’ एवढंच आहे. किती यूव्हीटीला आणि किरणांच्या किती मात्रेला, याचा पत्ता नाही. पिण्याच्या पाण्यासाठी ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर धरून बनवलेलं यंत्र सांडपाण्यावर लावलं तर पाटीवरचा आकडा निरुपयोगी ठरतो. अमेरिकेच्या नॅशनल वॉटर रिसर्च इन्स्टिट्यूटची मार्गदर्शक तत्त्वं पुनर्वापरासाठी वाळूसारख्या फिल्टरनंतर १०० मिलिज्यूल मागतात, मेम्ब्रेननंतर ८० आणि आरओनंतर ५०. पाणी जितकं स्वच्छ, तितकी मागणी कमी.

तेव्हा आधी यूव्हीटी मोजून घे. यूव्हीच्या आधीचं पाणी, न गाळता, १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ सेलमध्ये २५४ नॅनोमीटरवर तपासायला प्रयोगशाळेला सांग. साधी काच हे किरण अडवते, म्हणून सेल क्वार्ट्झचाच हवा. शोषणांक (किरण किती शोषले गेले त्याचा आकडा) ०.२ आला तर यूव्हीटी ६३ टक्के, ०.३ आला तर ५०. आकडा घसरलेला असेल तर कार्बन फिल्टर संपलाय का ते बघ. पाण्यात विरघळलेला पिवळसर सेंद्रिय अंश वाळू धरत नाही, कार्बन धरतो.

दुसरी गोष्ट गढूळपणाची. बारीक कणाच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत किरण पोचतच नाहीत, मग मात्रा दुप्पट करा की चौपट. मोठी यूव्ही इथेच हरते. यूव्हीत शिरणाऱ्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास हवेत, १०च्या वर नकोत. सेटलिंग टाकीत, म्हणजे गाळ खाली बसायच्या टाकीत, गाळ वर तरंगतोय का ते स्वतः प्लांटवर जाऊन बघ. गाळ जास्त वेळ पडून राहिला की त्यात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि तो वर येतो. वाळूच्या फिल्टरच्या दोन प्रेशर गेजमधला फरक अर्ध्या बारच्या वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, हवाच. बॅकवॉशनंतरचं पहिलं पाणी यूव्हीत न सोडता परत इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे सांडपाणी सुरुवातीला साठतं तिथे, गेलं पाहिजे. त्यासाठीचा व्हॉल्व्ह बऱ्याच ठिकाणी बंदच ठेवलेला असतो. पावसाळ्यात बेसमेंटच्या गटारातून मातकट पाणी आत येतं, म्हणून जून ते सप्टेंबर हे रोज बघायला लाग.

तिसरी गोष्ट वेगाची. तुमचा प्लांट दिवसाला १ लाख लिटरचा आणि यूव्ही ताशी ५ घनमीटरची. फिल्टर पंप २० तास चालला तर गणित जुळतं. तू लिहिलंयस की रात्री आवाज नको म्हणून तो आठच तास चालवतात. म्हणजे ताशी साडेबारा घनमीटर, आणि मात्रा उरली ४० टक्के. फक्त वेळापत्रक बदलून बराच फरक पडेल आणि त्याला एक रुपयाही लागणार नाही. आवाजाची तक्रार असेल तर पंपाखाली रबरी पॅड घाला. शिवाय दिव्याला पूर्ण जोर यायला काही मिनिटं लागतात, तेव्हा दिवा आधी आणि पंप नंतर सुरू होईल असा टायमर इलेक्ट्रिशियनकडून लावून घे. पाणी थांबलेलं असताना मात्र दिवा तासन्‌तास पेटता नको, गरम पाण्याने स्लीव्हवर, म्हणजे दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर, क्षारांचा थर भाजून बसतो.

त्या क्वार्ट्झ स्लीव्हकडे विशेष लक्ष दे. भातसा-तानशाचं पाणी मऊ आहे, पण तुम्ही उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी मिसळता. ते जड असतं, त्यात लोह असेल तर तांबूस थर बसतो. गाळ बसवायला फेरिक क्लोराइड वापरत असाल तर आणखीच, कारण लोह हे किरण स्वतःच शोषतं. स्लीव्ह साफ करताना मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं, दिवा थंड होऊ द्यायचा, पाणी काढायचं. १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड घालून त्यात अर्धा तास स्लीव्ह बुडवायची, मऊ कापडाने पुसून धुवायची. तारेची घासणी चुकूनही नको. दिवा हातमोजे घालूनच धरायचा. ओ-रिंग बसवल्यावर दिवा न घालता पाणी सोडून गळती तपासायची. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कोणी बघू नये. डोळ्यांची आग काही तासांनी सुरू होते, त्यामुळे त्या क्षणी कळतही नाही.

नमुना एक नाही, दोन घ्या: यूव्हीच्या लगेच आधीचा आणि लगेच नंतरचा. नळाचं तोंड ज्योतीने तापवून, थोडं पाणी वाहू देऊन, निर्जंतुक बाटलीत. बाटली काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवायची आणि ६ तासांच्या आत पोचवायची. उजेडात जंतू आपला बिघडलेला डीएनए दुरुस्त करू शकतात. आधीचा १ लाख आणि नंतरचा काही शेकडा आला, पण फ्लशच्या टाकीतला पुन्हा हजारात, तर यूव्हीचा दोष नाही. टाकीच्या भिंतींवर थर धरलाय. यूव्हीचा परिणाम पाण्याबरोबर पुढे जात नाही, म्हणून टाकी धुऊन थोडं हायपो (क्लोरीनचं द्रावण, सोडियम हायपोक्लोराइट) हवंच. लिटरला १ मिलिग्रॅमच्या हिशोबाने १ लाख लिटर पाण्याला १० टक्क्यांचं साधारण १ लिटर. पण अमोनिया शिल्लक असेल तर ते क्लोरीन खाऊन टाकेल. हायपो कार्बन फिल्टरच्या आधी घालत असतील तर ते आजच बंद कर, कार्बन ते सगळं संपवतो. कॅनही महिनोन्‌महिने साठवू नका, उकाड्यात त्याचा जोर जातो.

मर्यादेबद्दल विचारलं होतंस. राष्ट्रीय हरित लवादाच्या ३० एप्रिल २०१९च्या आदेशात महानगरांसाठी फीकल कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरला कमाल २३० आहे. तुमच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात काय छापलंय, ते मात्र आधी बघ.

दोन्ही नमुन्यांचे आकडे, यूव्हीटी, अवर मीटरचं रीडिंग आणि यूव्हीच्या पाटीचा फोटो एवढं पाठव. त्यावरून नवी यूव्ही लागेल का, आणि लागलीच तर केवढी, ते सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत