अभिप्रायार्थ प्रत मागताय, मग अभिप्राय तरी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते, गेल्या वर्षी स्वतःच्या खर्चाने कथासंग्रह काढला, ३०० प्रती, एकेका प्रतीला १४० रुपये पडले. पुस्तक आलं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू, ताई परीक्षणासाठी एक प्रत पाठवा ना. पहिल्या पहिल्यांदा इतका आनंद व्हायचा की कुरिअरचे पैसेही मीच भरून २६ जणांना पाठवल्या, त्यातल्या चौघांनी लिहिलं बस, बाकीच्यांनी पोचली एवढंही कळवलं नाही. फार वाईट वाटलं हो.

वाईट परीक्षण आलं तरी चालेल, लिहा तर खरं!

१९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना एकेक प्रत आपल्याच खर्चाने द्यावी लागते, ती मी आनंदाने दिली कारण तिथे पुस्तक जपलं जातं. इथल्या सेंट्रल लायब्ररीलाही दिली, सयाजीराव महाराजांची १९१० ची लायब्ररी, तिथे माझं पुस्तक असणं हा माझा मान आहे.

आता कोणी मागितलं की आधी विचारते परीक्षण कुठे छापणार, मग एका कथेची पीडीएफ पाठवते, ती वाचून पुन्हा मागितलं तरच छापील प्रत, आतल्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ शिक्का मारून. नातेवाईकांना मात्र विकतच, अगदी मावशीलासुद्धा.

तुमच्या पेपरात ‘साभार पोच’मध्ये आलेल्या पुस्तकांची नुसती नावं येतात, तिथे दोन ओळी लिहिता आल्या तर बघा ना.

आपली,
एक वाचक-लेखिका, वडोदरा