हिरव्या भागाबद्दल

चि. नमू,
अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. मासिकाने तुझ्या एकेका रंगाच्या कपड्यांवरच्या फोटो-मालिकेचा हिरवा भाग परत पाठवला, मॉडेलचा चेहरा ‘जरा उजळ’ करून मागितला आणि तू सरळ नाही म्हणालीस. बरोबर केलंस. पुढचं काम मिळेल ना, एवढंच विचारायचं होतं.

पिवळा भाग मी अजून काढून बघतो. आत्या म्हणायची, पिवळा हिचा रंग नव्हे. तू नेमका तोच निवडलास आणि सावळ्या मुलींना घातलास. त्यातल्या एकीच्या गालावर कापडाची पिवळी झाक उतरलीय, कानामागच्या सावलीतही तांबूस छटा शिल्लक आहे. चेहरा उजळला की आधी तीच जाते.

शाळेतला ग्रुप फोटो आठवतो? पांढऱ्या गणवेशांच्या रांगेत तुझे नाक-डोळेही कळेनात. ‘बाबा, मी कुठाय?’ कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं, म्हणजे १८ टक्के उजेड परतवणारं, धरून मोजतो. पांढरं जास्त असलं की उजेड कमी घेतो आणि सावळे चेहरे बुडतात. फिल्मचंही तेच. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’ नावाच्या नमुना-फोटोतल्या गोऱ्या बाईवरून रंग जुळवायचे. पुढे तपकिरी छटा सुधारल्या, त्या चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्यावर. माणसांसाठी नाही, लाकडासाठी! याचा मला अजून राग येतो.

यापुढे करारातच लिहून घे, तुला विचारल्याशिवाय त्वचेचा रंग बदलायचा नाही. मूळ फाइल्स देऊ नकोस. रागाच्या भरात रात्री मेल पाठवू नकोस. एकाच मासिकावर विसंबून... झालं माझं सुरू. माफ कर, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

२०१८मध्ये टायलर मिचेलने काढलेला गायिका बियॉन्सेचा फोटो अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर आला, तेव्हा तू मला झोपेतून उठवून दाखवला होतास. वय अवघं २३, आणि तिथे मुखपृष्ठ करणारा पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. ‘शंभरावर वर्षं लागली, बाबा,’ म्हणालीस. तेव्हापासून मला वाटतं, तुझंही होईल. पण तोवर घरभाडं? बघ, पुन्हा तिथेच आलो.

हिरवा भाग दुसरीकडे दिलास तर एकही फोटो गाळू नकोस. मॉडेल मुलींचे पैसे आधी चुकते कर, कमी पडले तर मी पाठवतो. आणि हातात दुसरं काम आहे की नाही, ते खरं कळव. दादाकडून नको, तूच कळव.

तुझा,
बाबा