निरोपाखाली गाव, महिना आणि माती लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सेंद्रिय शेतीचे सल्ले आजकाल सकाळच्या चहाआधीच फोनवर येऊन पडतात. माझ्या एकट्याच्या फोनमध्ये असे चार ग्रुप आहेत. त्यांतून मला बरेच काही मिळाले, हे आधी सांगतो, नाहीतर पत्र म्हणजे म्हाताऱ्याची कुरकुर वाटायची. पण बहुतेक निरोपांना गाव नसते, महिना नसतो आणि कोणत्या मातीत करून पाहिले तेही नसते. तक्रार एवढीच.

दोन वर्षांपूर्वी जीवामृताची, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून करायच्या पातळ खताची, कृती अशीच आली. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि एकरी घाला. कृतीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. मी ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घातली, खोट तिथे होती. त्या रात्री लागलेला पाऊस तिसऱ्या दिवशी उघडला आणि गुळा-बेसनासकट सगळे व्हाळाला (ओढ्याला) मिळाले. आमच्याकडे गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जमीन जांभ्याची, त्यात उतार. लिहिणाऱ्याने नुसते 'माझे रान काळे, पाऊस बेताचा' एवढे जरी लिहिले असते तरी माझा हात थांबला असता. आता मी जीवामृत पाऊस ओसरल्यावर, ओल असताना घालतो. आणि 'एकरी' म्हणजे काय हो? कुळागरात, म्हणजे आमच्या मिश्र बागेत, पोफळी (सुपारीची झाडे), त्यांच्यावर चढवलेली मिरी, मधे केळी, जायफळ, डोक्यावर माड. आम्ही झाडे मोजतो.

पावसात कोवळी सुपारी कुजवून गळवणाऱ्या कोळेरोगाच्या फवारणीचे तर विचारूच नका. पाऊस लागण्याआधी पोफळीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचे पाणी, मारायचे, पुन्हा 40-45 दिवसांनी मारायचे, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. (तांब्याची फवारणी सेंद्रियात बसते का, यावर एका ग्रुपवर अख्खा मे महिना भांडण चालले. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांत तिला मर्यादित मुभा आहे, सरसकट नाही. भांडणाऱ्यांपैकी मीही एक.) निरोपात प्रमाण बरोबर होते: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. पण दोन्ही वेगवेगळे विरघळवायचे, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचे, उलटे नाही, आणि भांडे लोखंडाचे नको, हे त्यात कुठेच नव्हते.

शेजारच्या आजोबांकडे फोन आहे, पण तो कानाला लावण्यापुरता. ते आमच्या प्लास्टिकच्या पिंपापाशी उकिडवे बसले, सुपारी कातरायची सुरी धोतराला पुसून मिश्रणात बुडवली आणि जरा वेळाने उजेडात धरली. पात्यावर तांबूस झाक आली होती. "चुनो उणो पडला," एवढेच म्हणाले. आणखी चुना घातला, पुन्हा सुरी बुडवली, या खेपेला पाते जसेच्या तसे निघाले. मी त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. माझ्या कुठल्याही निरोपाला इतकी उत्तरे कधी आली नव्हती.

फसलेले मात्र कोणी टाकत नाही. मीही टाकले नव्हते. खताच्या मोठ्या ढिगाचा फोटो हौसेने टाकला, लोकांनी अंगठे दाखवले. पुढच्या वर्षी त्याच ढिगात गेंड्या भुंग्याच्या अंगठ्याएवढ्या जाड अळ्या निघाल्या. वर माडांची झावळे कात्रीने कापल्यासारखी दिसायला लागली. कुजणारे शेणखत हेच या भुंग्याचे बाळंतघर. तो दुसरा फोटो टाकायला मला चार महिने लागले. टाकला, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या लोकांनी 'आमचेही तसेच' म्हणून कळवले. ढीग वरचेवर उलटा, अळ्या वेचा आणि त्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा, हे मला त्यातूनच समजले.

पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची खात्री करून द्यायच्या सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी किमान 5 शेतकऱ्यांचा गट लागतो आणि ते एकमेकांची शेती पाहतात. शेजारी बांधावर उभा असला की थाप मारता येत नाही. फोनवर तो बांधच नाही. म्हणून तर बिनलेबलाच्या 'सेंद्रिय टॉनिक'च्या बाटल्या खपतात. एक मीही घेतली होती. काकवीचा वास येत होता, बाकी देव जाणे.

बियाण्यांची देवघेव या ग्रुपवर सर्वांत छान चालते. सात शिरांच्या भेंडीचे बी चवथीनंतर येऊन न्या, असे एका बाईंनी कळवले. राखेत घालून बाटलीत कसे ठेवायचे, तेही कोकणीतून बोलून पाठवले. त्यावर कोणीतरी 'बी वाटणे बेकायदा' असे घाबरवून सोडले. तसे नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपले बी राखता, पेरता, बदलता, वाटता आणि विकताही येते. ब्रँडच्या पाकिटात घालून विकायला मनाई आहे, एवढेच.

ग्रुप चालवणाऱ्यांना विनंती, की प्रत्येक निरोपाखाली गाव, महिना, माती आणि काय फसले, हे चार शब्द सक्तीचे करा. आपल्याकडेही एक मागणे आहे. आजोबा फोन बघत नाहीत, पण पेपर पहिल्या ओळीपासून निधनवार्तांपर्यंत वाचतात. त्यांच्यासारख्यांसाठी, आणि त्यांच्याकडूनही, अशा अनुभवांची लहानशी चौकट आठवड्यातून एकदा द्यावी. कोळेरोगाची तेवढी मेच्या पहिल्या पंधरवड्यात छापा. पाऊस लागला की पहिली फवारणी हुकते.

आपला,
एक बागायतदार,
सावईवेरे, फोंडा