मध्यभाग बंद झाला की पाठांतर थांबते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचा एक डाव नियमाने छापला जातो, याबद्दल प्रथम आभार. पुणे, मुंबई किंवा नागपूर येथे ग्रँडमास्टर दर्जाचे मार्गदर्शन जितक्या सहज मिळते तितके ते परभणी, हिंगोली, बीडकडच्या मुलांना मिळत नाही. इथली मुले मोबाईलवरचे इंग्रजी-हिंदी व्हिडिओ पाहून आणि आपले सदर कापून वहीत चिकटवून शिकतात. मी गेली काही वर्षे परभणीत शाळकरी मुलांचा बुद्धिबळ वर्ग घेतो, त्या अनुभवावरून एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. डावाच्या चाली छापताना त्यामागची प्याद्यांची रचनाही समजावून सांगावी, आणि मध्यभाग (पटाच्या मधली घरे) प्याद्यांनी बंद होणाऱ्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या ठरलेल्या सुरुवातीच्या, बाबतीत तर ती आवर्जून सांगावी.

आपण सर्वच शिक्षक मुलांना सुरुवातीला काही नियम देतो: मोहरी लवकर बाहेर काढा, एकच मोहरा दोनदा हलवू नका, कॅसलिंग (राजा सुरक्षित कोपऱ्याकडे नेणारी राजा-हत्तीची जोडचाल) झाल्यावर राजापुढची प्यादी जागची हलवू नका. हे नियम खोटे नाहीत, पण ते मोकळ्या मध्यभागाचे नियम आहेत. दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांना भिडून मधोमध अडकली की त्यातले निम्मे नियम लागू पडत नाहीत, आणि हे मुलाला कोणी सांगितलेले नसते. आठ-दहा चाली बिनचूक खेळणारा मुलगा मग पुढे काय करायचे ते न सुचल्याने हत्ती उगाच इकडेतिकडे सरकवत बसतो.

उदाहरणादाखल काळ्याची एक ओपनिंग, फ्रेंच बचाव, घेऊ. लंडन आणि पॅरिस या शहरांमध्ये १८३४ साली सुरू झालेल्या पत्राद्वारे खेळल्या गेलेल्या सामन्यात पॅरिसकरांनी तो वापरला, म्हणून त्याला हे नाव पडले. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई५ या तीन चालींतच मध्यभाग बंद होतो (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची, आधी पांढऱ्याची, मग काळ्याची). पांढऱ्याच्या डी४-ई५ या प्याद्यांच्या साखळीचे, म्हणजे एकमेकांना आधार देणाऱ्या तिरक्या रांगेचे, टोक राजाच्या बाजूकडे आहे, म्हणून तिकडे त्याला जागा जास्त. काळ्याच्या ई६-डी५ साखळीचे टोक वजिराच्या बाजूकडे, म्हणून त्याचे काम तिकडे. आता काळ्याने हल्ला कुठे करावा? मुले हमखास पुढे आलेल्या ई५ च्या प्याद्याकडे पाहतात, कारण डोळ्यांना तेच खुपते. परंतु ई५ डी४ च्या आधारावर उभे आहे. ज्वारी काढताना आपल्याकडे कोणी कणीस धरून ओढत नाही, बुडाला हात घालून धाट उपटतात, तसेच साखळीवर बुडाशी हल्ला करावा, हा सिद्धांत विख्यात बुद्धिबळपटू आणि लेखक आरॉन निम्झोविचने मांडला. काळ्याचे सी५ वरचे प्यादे, सी६ वरचा घोडा, बी६ वरचा वजीर आणि पुढे एफ५ वर येणारा दुसरा घोडा हे चौघे एकाच डी४ कडे का पाहत असतात, ते एकदा कळले की पाठ करायला फारसे उरत नाही.

पाठांतर कुठे दगा देते, तेही याच डावात दिसते. ३... सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ अशी स्थिती असते. काळा सी५ च्या प्याद्याने डी४ वर मारतो, पांढरा सी३ च्या प्याद्याने परत मारतो, आणि डी४ चे प्यादे फुकट दिसते. मुलगा घोड्याने ते उचलतो, पांढरा घोड्याने घोडा मारतो, काळा वजिराने तो घोडा मारतो, आणि पांढरा उंट बी५ वर नेऊन शह देतो. उंट बाजूला होताच पांढऱ्याच्या वजिराची वाट मोकळी झालेली असते आणि काळ्याचा वजीर जातो. आधी उंट डी७ वर आणला असता तर बी५ वर शहच बसला नसता. ‘सातवी चाल उंट डी७’ एवढेच पाठ करणारा मुलगा, समोरच्याने चालींचा क्रम बदलला की गडबडतो. ती चाल का खेळायची हे ज्याला माहीत आहे तो गडबडत नाही.

उलट बाजूने, पांढऱ्याने डी४ च्या प्याद्याने सी५ वर मारणे बहुधा चुकीचे, असे मी नवख्यांना सांगतो, कारण त्यामुळे ई५ चा आधार जातो आणि काळ्याचा उंट आयताच बाहेर येतो. तरी १९११ साली कार्ल्सबाड येथील स्पर्धेत साल्वे या खेळाडूविरुद्ध खुद्द निम्झोविचने डी४ आणि ई५ ची दोन्ही प्यादी सोडून दिली आणि त्याच घरांवर आपली मोहरी बसवून काळ्याला जखडून टाकले. प्यादी गेली तरी ती घरे त्याच्याच ताब्यात राहिली.

याच्या शेजारी काळ्याचाच दुसरा बचाव, किंग्ज इंडियन, ठेवावा. त्याच्या मुख्य प्रकारात पांढरा डी५ खेळून मध्यभाग बंद करतो. मग पांढरा सी५ ढकलून वजिराच्या बाजूने येतो, तर काळा एफ६ वरचा घोडा चक्क मागे घेतो, एफ५, एफ४, जी५ अशी स्वतःच्या राजापुढचीच प्यादी पुढे लोटतो. हा वेडेपणा वाटतो, पण मधून वाट बंद असल्याने त्याला लगेच शिक्षा करता येत नाही. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथील १९५३ च्या स्पर्धेचे नाव या प्रकाराला मिळाले आहे. मुलांना मी इथे एकच गोष्ट दाखवतो: काळ्याचा सी८ वरचा उंट. फ्रेंच बचावात तो ई६ आणि डी५ च्या प्याद्यांमागे कोंडलेला, कसाबसा बदलून टाकावा असा. किंग्ज इंडियनमध्ये तोच उंट हल्ल्याचा मुख्य आधार, सहजासहजी द्यायचा नाही असा. घर तेच, मोहरा तोच. त्याची किंमत मात्र प्यादी ठरवतात.

हे सारे जुन्या पुस्तकांतलेच आहे असे कोणी समजू नये. सिंगापूर येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्याच डावात तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेन याने गुकेशविरुद्ध फ्रेंच बचाव निवडला, गुकेशने ई५ ढकलून मध्यभाग बंद केला, आणि तो डाव डिंगने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. गुकेश पुढे विश्वविजेता झाला ही आनंदाची गोष्ट. पण त्या दिवशीच्या बातम्यांत निकालच मोठा होता, डाव का फिरला ते शोधावे लागत होते. दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे वर्गांत मुलींची संख्या वाढली आहे आणि पालकही डाव वाचू लागले आहेत, तेव्हा असे स्पष्टीकरण वाचणारे निश्चितच आहेत.

तरी सदराच्या लेखकांना विनंती, की अशा डावांत दहाव्या-बाराव्या चालीनंतर केवळ प्यादी दाखवणारा एक पट छापावा, मोहरी काढून टाकावीत, आणि खाली दोनच ओळी द्याव्यात: कोणते प्यादे कुठे पुढे सरकणार आणि कोणता उंट अडकला आहे. पट छापताना काळ्या आणि पांढऱ्या घरांतला फरकही ठळक असावा. सध्या ई-पेपरवर तो इतका पुसट दिसतो, की प्यादी कोणत्या रंगाच्या घरांवर अडकली आहेत हे मुलांना बोट ठेवून मोजावे लागते.

आपला,
एक बुद्धिबळ शिक्षक, परभणी