मेंदूच्या स्कॅनवरून गुन्हेगार ओळखता येत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेचे काही न वाटणाऱ्या आणि पश्चात्ताप नसणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूची रचनाच वेगळी असते, ही आपल्या अंकातील बातमी वाचली. त्यातले संशोधन खरे आहे, पण मथळा वाचून जे मनात ठसते ते खरे नाही. मी शालेय समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केले. अशा बातम्या आल्या की पालक मुलाला घेऊन येतात आणि विचारतात, ‘हा मारामारी करतो, खोटे बोलतो, कुणाला लागले तरी त्याला काही वाटत नाही. एमआरआय काढून बघायचा का?’ त्या पालकांसाठी हे पत्र लिहीत आहे.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्यात अमिग्डाला या मेंदूतील छोट्याशा भागाचा मोठा वाटा असतो. २००९ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, सायकोपॅथीची लक्षणे तीव्र असलेल्या गटात हा भाग सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी लहान आढळला. पण त्या गटात माणसे होती २७. अमिग्डाला आणि कपाळामागचा भाग यांना जोडणारे तंतू कमकुवत असल्याचे लंडनच्या संशोधकांनी त्याच वर्षी नोंदवले. त्यांच्याकडे असे गुन्हेगार होते अवघे ९. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे फरक तसेच सापडले असेही नाही. शिवाय लहानपणची मारहाण, हेळसांड, डोक्याला झालेली इजा, व्यसने यांचेही परिणाम मेंदूवर होतात. प्रौढपणी काढलेला स्कॅन आधी काय झाले आणि नंतर काय, हे सांगत नाही.

आणि हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते, पण नुसती उंची ऐकून ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे खात्रीने सांगता येत नाही. इथेही तसेच आहे. कॅलिफोर्नियातील मेंदूशास्त्रज्ञ जेम्स फॅलन खुन्यांचे स्कॅन तपासत असत. तशाच धाटणीचा एक स्कॅन त्यांना घरच्यांच्या स्कॅनमध्ये सापडला आणि तो त्यांचा स्वतःचा निघाला. फॅलन यांनी हिंसक गुन्हा कधीच केला नव्हता.

म्हणूनच सायकोपॅथी स्कॅनवरून ठरवत नाहीत. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची तपासणी-सूची, दीर्घ मुलाखत आणि त्या माणसाच्या आयुष्याच्या नोंदी यांवरून प्रशिक्षित तज्ज्ञ गुण देतात. ४० पैकी ३० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर सायकोपॅथी मानायची, ही अमेरिकेत रूढ असलेली मर्यादा आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे याला जवळचे असलेले वैद्यकीय निदान, तर १८ वर्षांखालील कुणालाही लावता येत नाही. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलावर हा शिक्का कशाच्या आधारावर मारायचा?

बातमीत उपचारांबद्दल एक ओळही नव्हती, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा या मनोरुग्णालयात १९९५ पासून अत्यंत हिंसक किशोरवयीन मुलांसाठी एक केंद्र चालते. तिथे शिक्षा वाढवत नेण्याऐवजी चांगल्या वागण्याला लगेच, रोजच्या रोज मोबदला मिळतो. तिथून बाहेर पडलेल्या मुलांकडून नंतर घडलेले हिंसक गुन्हे, नेहमीच्या सुधारगृहांतील तशाच मुलांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. २०२२ च्या एका अभ्यासात सायकोपॅथीची लक्षणे असलेल्यांमध्ये स्ट्रायटम हा बक्षिसाच्या ओढीशी निगडित भाग सुमारे १० टक्के मोठा दिसला होता, त्याच्याशी हे जुळतेही. ज्या मुलाला शिक्षेची भीती वाटत नाही, त्याला मोबदल्याची ओढ असू शकते, आणि तिथून कामाला सुरुवात करता येते. हे मला पालकांना सांगावे लागते, कारण त्यांनी वाचलेले असते ते फक्त ‘मेंदूच वेगळा’.

आपल्याला विनंती अशी, की पुढे अशी बातमी देताना अभ्यासात किती जण होते, ते तुरुंगातून निवडले होते की बाहेरून, आणि फरक गटाच्या सरासरीतला आहे का, एवढे तरी मथळ्याखालीच छापावे. मुलाच्या वागण्याने धास्तावलेल्या पालकांनी एमआरआय केंद्राकडे न जाता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जावे, हेही त्याच बातमीत असावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय समुपदेशक